डॅडींचा कोरडा रविवार

ब्लँडफर्ड, केंटकी
बुधवार, १९ मार्च २०१४

लिओरा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. तुझा इव्हान्सव्हिलचा पत्ता एडवीनाने दिला, तोही "तुला कशाला हवाय?" असं विचारून. सख्ख्या बहिणीचा पत्ता मागायला चुलत बहिणीला कारण सांगावं लागतं, ही आपली अवस्था.

बावीस वर्षांत तू मला लिहिलं नाहीस, मी तुला नाही. त्यावर मी आज काही लिहिणार नाही. डॅडींच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये जे झालं ते झालं. मला फक्त एक फोटो हवा आहे. डॅडी पुढच्या व्हरांड्यात खुर्चीत बसलेत, अंगात रविवारचा पांढरा सदरा, मी त्यांच्या मांडीवर आणि तू खुर्चीमागे. मम्मीच्या सामानातून तो तू नेलास. मी तेव्हा हरकत घेतली नव्हती, आताही घेत नाही. मला तो महिनाभरापुरता हवा आहे.

कशासाठी ते सांगते, म्हणजे तूही एडवीनासारखं विचारायला नको. आपल्या कौन्सिलपुढे ठराव आला आहे की गावात रविवारी दारू विकायला परवानगी द्यावी. दुकानांना दुपारी एकपासून, हॉटेलांना सकाळी अकरापासून. अकरापासून! चर्चमधली साडेदहाची मिस्सा तेव्हा अर्ध्यावरसुद्धा आलेली नसते.

हे सगळं टॉन्या बकमनचं काम. जुन्या चाऱ्याच्या गोदामात तिने हॉटेल काढलंय, भिंतीला पिंपाच्या फळ्या ठोकल्यात आणि बटाट्यांना फ्रेंच नाव दिलंय. डिस्टिलरी बघायला येणारे पर्यटक रविवारी तिच्याकडे जेवायला बसतात आणि जिथे ती व्हिस्की बनते त्याच गावात त्यांना ग्लासभर मिळत नाही, याची तिला लाज वाटते म्हणे. मला तिच्या बटाट्यांची लाज वाटते.

कौन्सिलात सहा माणसं आहेत. चार ठरावाच्या बाजूने, दोन विरोधात. त्या चौघांतला एक जरी फुटला तर तीन-तीन होतात, मग मत मेयर डार्ला हेडनचं, आणि डार्ला बाप्टिस्ट आहे, तिच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन विकत आणतात. म्हणजे मला एक माणूस हवा. तो माणूस व्हर्नेल सिसेल. आठवतो ना? डिस्टिलरीत डॅडींच्या हाताखाली लागला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. आता ऐंशी ओलांडलीय आणि कौन्सिलच्या खुर्चीत झोपतो.

आठ एप्रिलला ठरावाचं पहिलं वाचन आहे. लोकांना तीन-तीन मिनिटं बोलायला मिळतं. मी डॅडींबद्दल बोलणार आहे, जे खरं आहे ते. सोमवार ते शनिवार ते आपले नसायचे. रविवारी दुकानं बंद, म्हणून रविवारी ते आपले असायचे. तू काही म्हण, एवढं तर तुलाही नाकारता येणार नाही.

फोटो जाड पुठ्ठ्यात घालून पाठव, दुमडू नकोस.

झिटा


बुधवार, ९ एप्रिल २०१४

लिओरा,

फोटो मिळाला. सोबत एक ओळही नव्हती, त्यामुळे आभार कशाचे मानायचे ते कळलं नाही. तरी मानते.

काल सभा नेहमीसारखी रात्री नव्हे, दुपारी चारला झाली, कारण आमच्यासारख्यांना अंधारात गाडी चालवता येत नाही हे कौन्सिलने एकदाचं मान्य केलंय. हॉल भरला होता. फोटो मी मोठा करून घेतला होता आणि पुठ्ठ्यावर चिकटवून नेला होता. डार्लाने पुढ्यात अंडी उकडायचं घड्याळ ठेवलं आणि म्हणाली, "मिस झिटा, तीन मिनिटं हं. सगळ्यांना सारखी."

मी म्हणाले, "मला अडीच पुरतील. मी टॉन्या नाही."

लोक हसले. मग मी बोलले. शब्दन् शब्द तुला सांगते, कारण तू तिथे असायला हवी होतीस. मी म्हणाले, "माझे वडील थॅड वॉथेन. तुमच्यातले निम्मे त्यांना ओळखत होते. सहा दिवस ते पीत असत. सातव्या दिवशी ह्या गावात दारू मिळत नसे, म्हणून सातव्या दिवशी ते दाढी करत, मला मांडीवर घेत, मला संतांच्या गोष्टी सांगत आणि त्यांचा हात थरथरत नसे. कायद्याने मला आठवड्यातून एक दिवस वडील दिले. ह्या गावात आजही कुणाची तरी लहान मुलगी असेल. तिचा तो एक दिवस टॉन्याच्या बटाट्यांसाठी काढून घेऊ नका." आणि फोटो वर धरला.

टॉन्या खाली बघत बसली. व्हर्नेल जागा होता, लिओरा. छताकडे बघत होता. मग त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "मी आजवर हो म्हणत होतो. मिस झिटाने सांगितल्यावर मी नाही म्हणणार. थॅडच्या मुलीच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही." मतदान दुसऱ्या वाचनाला, तेरा मेला. पण तीन-तीन झाले आणि डार्ला आपल्याकडे आहे. म्हणजे झालंच.

बाहेर पडताना व्हर्नेलचे आभार मानायला गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिओरा बरी आहे ना?" मी म्हणाले, मला काय माहीत. तो म्हणाला, "हां." आणि टोपी घालून गेला. म्हातारपणात माणसं कुठलं कुठे जोडतात कोण जाणे.

पेपरात माझा फोटो आलाय, हातात तो फोटो धरलेला. कात्रण सोबत ठेवलंय. मी ते खिजवायला पाठवत नाही. आपल्या घराबद्दल गावाने एकदा तरी चांगलं ऐकलं, एवढंच.

एक गोष्ट मात्र मोठा केल्यावर दिसली. त्या फोटोत मी आणि डॅडी कॅमेऱ्याकडे बघतोय. तू बघत नाहीस. तू त्यांच्या हाताकडे बघतेस.

झिटा


बुधवार, २३ एप्रिल २०१४

लिओरा,

तुझं पत्र ईस्टरच्या आदल्या दिवशी आलं. तू मुद्दाम तो दिवस साधलास असं मी म्हणणार नाही. टपालखातं म्हणेल ते म्हणो.

चार पानं! बावीस वर्षांत एक शब्द नाही आणि आता चार पानं, दोन्ही बाजूंनी. मी ती तीनदा वाचली आणि प्रत्येक वेळी बंद करून फडताळात ठेवली. मी चौतीस वर्षं काउंटीच्या कचेरीत जमिनींची खतं नोंदवली. माणसं खोटं बोलतात, कागद बोलत नाही, हे मी नव्या पोरींना शिकवायचे. पण तो कागद कुणी, कधी आणि कशासाठी लिहिला, हे आधी बघायचं, हेही शिकवायचे. म्हणून तुझा एकेक मुद्दा घेते.

तू म्हणतेस, डॅडी रविवारी कोरडे नव्हते. मी सात वर्षांची होते, आंधळी नव्हते.

तू म्हणतेस, त्यांनी आयुष्यात दुकानातून बाटली विकत घेतली नाही, तेव्हा दुकान रविवारी उघडं की बंद याचा त्यांच्याशी संबंध काय. तू म्हणतेस, ते डिस्टिलरीतून चोरून नळी भरून आणायचे. बरं. नळ्या सगळेच आणायचे, हे मलाही माहीत आहे. तांब्याची बारीक नळी, खालचं तोंड नाणं झाळून बंद केलेलं, वर बूच, आणि दोरीने बांधून पँटच्या आत सोडलेली. व्हिस्की गाळायच्या खोलीतला एक माणूस दाखव जो ताठ पायाने घरी चालत यायचा नाही. पण सगळे आणायचे म्हणून डॅडी रविवारीही प्यायचे हे कसं सिद्ध होतं?

तू म्हणतेस, एकोणपन्नास साली एका रविवारी ते स्वयंपाकघरात पडले, झटके आले, जीभ चावली गेली, आणि डॉक्टरने मम्मीला सांगितलं की एकदम तोडू नका, मरेल, चमच्या-चमच्याने द्या. तू म्हणतेस, मम्मीने येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे शपथ घेतलेली होती की दारूला हात लावणार नाही, म्हणून तिने चमचा तुझ्या हातात दिला. मम्मी मेलेली आहे, लिओरा. मेलेल्या बाईच्या नावावर असं काही टाकताना तुझा हात कचरला नाही?

आणि वर ती बाटली. मम्मीची पवित्र पाण्याची बाटली, क्रूस कोरलेली. तू म्हणतेस, तशा दोन होत्या, आणि एकीत डॅडींचा रविवार असायचा, कारण पिंपात जाण्याआधी व्हिस्की पाण्यासारखी बिनरंगाची असते आणि त्या बाटलीला कुणी पाहुणा हात लावणार नाही. हे वाचून मी उठून उभी राहिले. नन्सच्या शाळेत मीही शिकले आणि तूही. काही गोष्टी कागदावर उतरवूसुद्धा नयेत.

ब्याण्णव सालाबद्दलही लिहिते, तू काढलंस म्हणून. मी खोलीत आले तेव्हा तू त्यांच्या उशाशी होतीस, चमचा त्यांच्या ओठांना लावलेला होता आणि वास माझ्यापर्यंत आला. चार दिवसांनी ते गेले. हॉलमध्ये मी जे म्हणाले, की तू त्यांना शेवटपर्यंत पाजून मारलंस, ते मी डोळ्यांनी बघितलेलं म्हणाले. तू हातातलं जेवणाचं ताट खाली ठेवलंस आणि निघून गेलीस. खोटं असतं तर तू तिथेच बोलली असतीस. निरपराध माणूस ताट ठेवून जात नाही.

मला उत्तर नको.

झिटा


बुधवार, ३० एप्रिल २०१४

लिओरा,

एक गोष्ट विचारायची आहे. नाही, विचारायची नाही, सांगायची आहे. कसं सांगायचं ते कळत नाही.

तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर खाली एक ओळ आहे, ती मी गेल्या वेळी मुद्दाम सोडून दिली. तू लिहिलंस की घराच्या दाराजवळची पवित्र पाण्याची कुंडी शनिवारी भरायचं काम माझं होतं आणि मी कधीकधी चुकीच्या बाटलीतून भरायचे. मग तू ती गुपचूप मोरीत ओतून पुन्हा भरायचीस.

मी तुला ओतताना पकडलं होतं. मला लख्ख आठवतं. मी ओरडत मम्मीकडे गेले, "लिओराने पवित्र पाणी मोरीत ओतलं!" मम्मीने तुझ्या थोबाडीत दिली. तू काही बोलली नाहीस. मला किती बरं वाटलं होतं, तेही आठवतं.

काल कपडे वाळत घालताना गार वारा सुटला आणि माझी बोटं दुखली. तिथे दोरीखाली उभ्या उभ्या मला आठवलं. थंडीत माझी बोटं फुटायची. शाळेत जाताना कुंडीत बोटं बुडवून क्रूसाची खूण केली की काही काही दिवस आग व्हायची. रोज नाही, काही दिवसच. मी सिस्टर अमाबिलिसना विचारलं होतं की पवित्र पाणी झोंबतं का. त्या म्हणाल्या, "ज्याच्या मनात पाप आहे त्याला झोंबतं, बाळ." मी दोन हिवाळे माझं पाप शोधत होते. कबुलीत न केलेली पापंसुद्धा सांगून टाकली, म्हणजे झोंबायचं थांबेल.

पाणी झोंबत नाही, लिओरा.

मी काल फादर कुरियाकोसांकडे गेले. केरळचे आहेत, तरुण आहेत, माझ्याशी जपून बोलतात. मी विचारलं, व्हिस्कीने क्रूसाची खूण केली तर ती लागते का. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि मग विचारलं, "मिस झिटा, आज काही त्रास होतोय का तुम्हाला?" मी म्हणाले, मी प्यायलेली नाही. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "देवाला चालली असेल." मग म्हणाले, त्यांच्या गावी दर महिन्याच्या एक तारखेला दारूची दुकानं बंद असतात आणि त्याच्या आदल्या दिवशी रांग रस्त्यावर येते. मी विचारलं, म्हणजे बंदीचा फायदा होतो की नाही? ते म्हणाले, "आमच्याकडेही कुणाला माहीत नाही." असं उत्तर देणाऱ्याला मी कचेरीत ठेवला नसता.

मला आता काहीच सरळ दिसत नाही. मी बसून आठवायचा प्रयत्न केला की डॅडी कुठल्या दुकानात जायचे. नाव आठवेना. दार आठवेना. त्यांना हातात पिशवी घेऊन येताना मी कधी पाहिलंच नाही. मग रविवारी दुकान बंद असण्याने काय थांबत होतं? आणि मी तरीही ह्या ठरावाच्या विरोधात आहे. हे काय आहे? माझ्याकडे मत आहे आणि त्याच्याखाली काही नाही.

एडवीना विचारत होती, दुसऱ्या वाचनाला तेच भाषण करणार का. म्हणाली, "फोटो पुन्हा आण, लोक रडले होते." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

झिटा


बुधवार, १४ मे २०१४

लिओरा,

ठराव मंजूर झाला. चार विरुद्ध दोन. माझ्यामुळे झाला. तुला पेपरातून कळण्याआधी मी सांगते.

मी फोटो नेला नाही. काय बोलायचं ते जाईपर्यंत ठरलेलं नव्हतं. एडवीनाने माझी खुर्ची पहिल्या रांगेत धरून ठेवली होती, हातात रुमालही होता. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि मला वाटलं, तेच बोलावं. सगळ्यांना पाठ आहे, मलाही पाठ आहे, कुणाचं काही बिघडत नाही, आणि ठराव पडतो.

मग म्हणाले, "गेल्या महिन्यात मी इथे जे सांगितलं ते खरं नव्हतं. मला ते खरं वाटत होतं, पण ते खरं नव्हतं. माझे वडील रविवारीही पीत होते. चमच्याने, डॉक्टरने सांगितलं होतं म्हणून, नाहीतर त्यांना झटके यायचे. तो चमचा माझ्या बहिणीच्या हातात होता. ती अकरा वर्षांची होती. मला जो रविवार मिळाला तो कायद्याने दिला नाही, लिओराने दिला. आणि ब्याण्णव साली, चर्चच्या हॉलमध्ये, तुमच्यातल्या निम्म्यांच्या देखत, मी तिला म्हणाले की तू त्यांना मारलंस. चारचौघांत म्हणाले होते म्हणून चारचौघांत परत घेते. तेही खरं नव्हतं."

एडवीनाचा रुमाल तसाच राहिला. शेवटी टॉन्यानेच विचारलं, आणि खरं सांगते, वाईट सुरात नाही विचारलं, "मग मिस झिटा, तुम्ही ठरावाच्या बाजूने आहात की विरोधात?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "तारीख लिहून घ्या रे! मिस झिटाला काहीतरी माहीत नाही!" सगळा हॉल हसला. मला राग यायला हवा होता. मी बघत राहिले की तो कधी येतो.

डार्ला म्हणाली, "तुमची पावणेदोन मिनिटं शिल्लक आहेत." मी म्हणाले, टॉन्याला द्या.

मतं घेतली. व्हर्नेलची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "हो." एवढंच.

मी त्याला बाहेर गाडीपाशी गाठलं. तो किल्ली शोधत होता. मी विचारलं, "व्हर्नेल, तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?"

"चमच्याचं."

"झिटा, शनिवारी थॅडची नळी कोण भरत होतं? सुट्टी व्हायच्या वेळेला त्याचा हात इतका हलायचा की निम्मी सांडायची. मी भरायचो, बूच मी लावायचो. तो म्हणायचा, नीट भर पोरा, ही लिओराकडे द्यायची आहे, उद्या तिने मला माणसात ठेवायचंय."

"मग गेल्या महिन्यात तू विरोधात का गेलास?"

"तू बापासाठी उभी राहिलीस. भर सभेत तुला म्हणू, बाई, तुझा बाप रविवारी पण लावून बसायचा? त्यापेक्षा नाही म्हणणं सोपं."

"आणि ब्याण्णव साली? तू हॉलमध्ये होतास. हॅमची ताटली हातात घेऊन माझ्यासमोर उभा होतास."

"होतो."

"मग बोलला का नाहीस?"

त्याला किल्ली सापडली. तो गाडीत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, "झिटा, ह्या गावात तुझ्यापुढे बोलतं कोण?"

मी त्याला काहीतरी सुनावलं. काय ते आठवत नाही, पण चांगलं लागेलसं होतं. तो हसला आणि म्हणाला, "हेच." आणि गेला.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. नळी भरणाऱ्याला, त्याच्या बायकोला, तिच्या बहिणींना. साठ वर्षं आख्ख्या गावाला माहीत होतं आणि मी त्यांची खतं नोंदवत होते, चुका काढत होते, आणि तू ताट ठेवून गेलीस तेव्हा एकाही माणसाने हातातलं ताट खाली ठेवलं नाही. मला त्यांचा राग आहे. पण व्हर्नेल खोटं बोलला असं मला म्हणता येत नाही.

तू का नाही बोललीस, हे मात्र अजून कळत नाही. तू मोठी होतीस. मला एका वाक्यात गप्प करता आलं असतं. की मीच तुझं ऐकून घेतलं नसतं?

घेतलं नसतं.

झिटा


रविवार, १ जून २०१४

लिओरा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघते आहे असं समजू नकोस. टपालपेटीपर्यंत मला डॉक्टरने चालायला सांगितलंय.

आज ठराव लागू झाल्यानंतरचा पहिला रविवार. मिस्सा संपल्यावर मी मुद्दाम मुख्य रस्त्याने घरी आले. काय होतं ते बघायचं होतं. काही झालं नाही. टॉन्याच्या दारात ओहायोच्या दोन गाड्या उभ्या होत्या. दारूच्या दुकानात एक मुलगी काउंटरवर नखं रंगवत बसली होती. रस्त्यात कुणी पडलेलं नव्हतं. कुणाची लहान मुलगी खिडकीत रडत नव्हती, किंवा असेल तर मला दिसली नाही, आणि मला न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल आता मी काही बोलत नाही. एकच माणूस चिडलेला दिसला, तो म्हणजे बेनी हेगन. इतकी वर्षं रविवारी मागच्या दाराने विकायचा, आज पायरीवर हात मांडीत घेऊन बसला होता. मला म्हणाला, "मिस झिटा, तुम्ही घात केलात." मी त्याच्याजवळून पुढे गेले.

मी अजूनही ठरवू शकलेली नाही की हे चांगलं झालं की वाईट. रोज सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. सत्तरी उलटल्यावर ही सवय लागली, ह्याला काय म्हणावं?

ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच आहे. तुझी चार पानं मी आता पुन्हा वाचली. तू सगळं लिहिलंस: बाटली कुठे असायची, चमचा कुठला, कॉफीत कसं मिसळायचं म्हणजे मला वास येऊ नये. पण एक लिहिलं नाहीस. किती द्यायचं हे तुला कसं कळायचं? डॉक्टर चमच्याने द्या म्हणाला, पण किती चमचे, किती वेळाने? कमी झालं तर झटके आणि जास्त झालं तर ते सहा दिवसांसारखे. मध्ये कुठेतरी एक जागा होती, तिथे ते मला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायचे. ती जागा तुला कुणी दाखवली? मम्मी तर हात लावत नव्हती. तू त्यांच्या हाताकडे बघून ओळखायचीस का? चुकत चुकत शिकलीस का?

आणि चुकलीस तेव्हा काय व्हायचं?

कारण एक रविवार मला आठवतो. सकाळीच मला शेजारच्या मिसेस रायनींकडे पाठवलं. त्यांनी मला पॅनकेक दिले, दुसऱ्यांदा दिले, पत्ते खेळवले, आणि खिडकीपाशी जाऊ देत नव्हत्या. मला वाटलं, माझे लाड चाललेत. संध्याकाळी तू मला न्यायला आलीस. तुझ्या फ्रॉकची एक बाही नव्हती. मी विचारलं, बाही कुठे गेली? तू म्हणालीस, खिळ्याला अडकली. मी घरभर सगळ्यांना सांगितलं की लिओराने नवा फ्रॉक फाडला.

तो तुझ्या चुकलेल्या रविवारांतलाच एक होता का? लिहून कळव. किंवा लिहू नकोस, मी येते. इव्हान्सव्हिलची बस सकाळी सव्वानऊला असते, मी विचारून घेतलंय.

झिटा